एका बोर्डावर दोन मायक्रोकंट्रोलर कशाला?

प्रश्न : एसटी कंपनीचा न्यूक्लिओ-एफ४०१आरई बोर्ड घेतला आहे. यूएसबी केबल लावली की प्रोग्राम जातो, पण बोर्डावर मायक्रोकंट्रोलर दोन दिसतात. माझा प्रोग्राम नेमका कशात जातो? आणि उद्या स्वतःच्या पीसीबीवर एसटीएम३२ बसवला, तर त्यासाठी वेगळा प्रोग्रामर विकत घ्यावा लागेल का?

उत्तर : वेगळा प्रोग्रामर घेऊ नका. तो तुमच्याकडे आहेच, याच बोर्डावर.

यूएसबीचं सॉकेट ज्या बाजूला आहे, तिकडचा छोटा भाग नीट पाहा. तो उरलेल्या बोर्डापासून खाचा पाडून जवळजवळ वेगळा केलेला दिसेल. या भागाचं नाव एसटी-लिंक; हाच तो प्रोग्रामर, म्हणजेच डीबग प्रोब. त्यावरचा ४८ पायांचा मायक्रोकंट्रोलर हा प्रोबचा स्वतःचा, आणि त्यात कंपनीचं फर्मवेअर आधीच भरलेलं असतं. तुमचा प्रोग्राम जातो तो मोठ्या भागावरच्या ६४ पायांच्या एफ४०१ मध्ये. मधल्या प्रोबचं काम दुभाष्याचं : संगणक यूएसबी बोलतो, एफ४०१ चं डीबग सर्किट एसडब्ल्यूडी बोलतं, आणि प्रोब एकाचं म्हणणं दुसऱ्याला कळवतो.

एसडब्ल्यूडीला सिग्नलच्या दोनच तारा लागतात : एक क्लॉकची, दुसरी डेटाची. एफ४०१ वर त्या पीए१४ आणि पीए१३ या पायांवर येतात. जुन्या जेटॅग पद्धतीत किमान चार लागत, म्हणून कमी पायांच्या चिपवर एसडब्ल्यूडी सोयीचं पडतं.

प्रोबच प्रोग्राम थांबवतो आणि चालवतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरी यंत्रणा एफ४०१ च्या आत, कॉर्टेक्स-एम४ गाभ्यातच आहे. तिथे पत्ते ताडून पाहणारी सर्किटं असतात. तुम्ही एखाद्या ओळीवर ब्रेकपॉइंट ठेवला की त्या सूचनेचा पत्ता तिथे नोंदवला जातो, आणि गाभा त्या पत्त्यावर पोचला की थांबतो. अशा जागा सहाच आहेत. सातवा ब्रेकपॉइंट लावताना सॉफ्टवेअर कुरकुर करतं, त्याचं कारण हे. बोर्डात बिघाड नसतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. ब्रेकपॉइंटवर थांबतो तो गाभा. टायमर मात्र, वेगळं सांगितलं नसेल तर, चालूच राहतात. टायमरने पीडब्ल्यूएम देऊन मोटर फिरवत असाल, तर पडद्यावर प्रोग्राम थांबलेला दिसेल आणि मोटर फिरतच राहील. वॉचडॉग चालू असेल तर तो चिप रिसेट करून टाकेल आणि तुम्ही चूक भलतीकडेच शोधत बसाल. गाभा थांबल्यावर हे घटकही गोठावेत अशी सोय डीबग रजिस्टरांमध्ये आहे. मोटर जोडण्याआधी ती वापरा.

आता स्वतःच्या पीसीबीचं. बोर्डावर सीएन२ नावाच्या जागी दोन जंपर आहेत. ते लावलेले असताना प्रोब बोर्डावरच्याच एफ४०१ शी जोडलेला असतो. दोन्ही काढले की तो त्यापासून सुटतो आणि सीएन४ या सहा पिनांच्या कनेक्टरवरून बाहेरच्या एसटीएम३२ शी बोलू शकतो. पिनांचा क्रम असा : पहिली टार्गेटचा व्होल्टेज, दुसरी क्लॉक, तिसरी ग्राउंड, चौथी डेटा, पाचवी रिसेट, सहावी ट्रेस. तारा शक्यतो आखूड ठेवा, आणि जोडणी होत नसेल तर सर्वांत आधी ग्राउंड तपासा.

सगळ्यात जास्त घोटाळा पहिल्या पिनेवर होतो. ती वीज पुरवत नाही. समोरच्या सर्किटला किती व्होल्ट मिळताहेत, हे प्रोब तिच्यावरून मोजतो. तुमच्या पीसीबीला तिची स्वतःची वीज द्यायचीच आहे. पाचवी, म्हणजे रिसेटची तार वापरणार असाल, तर बोर्डावरचा एसबी१२ हा सोल्डरचा सांधा आधी उघडा. नाहीतर तुमच्या पीसीबीसोबत एफ४०१ ची रिसेट लाइनही त्याच तारेवर राहते.

रिसेटची तार जोडावीच, असं माझं मत आहे. नवख्या प्रोग्रामरकडून हमखास घडणारा प्रकार म्हणजे पीए१३ किंवा पीए१४ साधा आउटपुट पिन म्हणून वापरणं. तसा प्रोग्राम सुरू झाला की डीबगचा रस्ताच बंद होतो आणि ‘चिप उडाली’ म्हणून ती फेकायची तयारी होते. चिप उडालेली नसते. एसटीच्या क्यूबप्रोग्रामर या सॉफ्टवेअरमध्ये ‘कनेक्ट अंडर रिसेट’ निवडा. प्रोब चिपला रिसेटमध्ये धरून ठेवतो, प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याआधीच ताबा घेतो, आणि मग फ्लॅश पुसता येते.

यूएसबी लावल्यावर संगणकात पेन ड्राइव्हसारखा ड्राइव्ह आणि एक सीरियल पोर्ट दिसतो, तेही याच प्रोबचं काम. बिन फाइल त्या ड्राइव्हवर टाकली तरी ती जाते एफ४०१ च्या फ्लॅशमध्ये, त्यामुळे तिथे इतर फाइली साठवायला जाऊ नका.

खाचा आहेत म्हणून प्रोबचा तुकडा मोडून वेगळा करता येतो, हे खरं. पण बहुतेक बोर्डांवर एफ४०१ ला ८ मेगाहर्ट्झचा बाहेरचा क्लॉकही याच तुकड्याकडून मिळतो, आणि यूएसबीची वीजही. तुकडा गेला की दोन्ही जातात. बाहेरच्या पीसीबीचं काम दोन जंपर काढून होत असताना बोर्ड मोडू नका.