एक रुपया, दोन भाव : १९४९ सालचा धडा



उसाचा दर, साखरेचा उतारा, तोडणी-वाहतूक यांवर आपण या पानांतून नेहमी बोलतो. चलनाच्या विनिमय दरावर मात्र आपल्यात फारशी चर्चा होत नाही. ते बँकवाल्यांचं काम, आपला काय संबंध, असं वाटतं. पण संबंध आहे, आणि तो थेट बांधापर्यंत येतो. तो नीट समजावा म्हणून आम्ही एक जुनी हकिगत निवडली आहे.

पुण्याहून रेल्वेने मुंबईकडे जाताना कर्जत मागे टाकले की बदलापूर, अंबरनाथ आणि मग उल्हासनगर लागते. उल्हासनगर हे फाळणीतून उभे राहिलेले शहर. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि छावणीचे उल्हासनगर झाले. त्यानंतर सहा आठवडे पुरे होण्याआधीच या मंडळींच्या जुन्या मुलखातला रुपया आणि इथला रुपया यांची फारकत झाली.

एका खुंट्याला दोन रुपये

हे लोक १९४७-४८ मध्ये आले, तेव्हा त्यांच्या खिशातला रुपया दोन्हीकडे चालणारा होता. पाकिस्तानची स्टेट बँक १ जुलै १९४८ ला सुरू झाली. तोवर तिकडचा कारभारही आपली रिझर्व्ह बँकच पाहत होती. पुढे नोटा वेगळ्या झाल्या, पण भाव एकच राहिला. कारण दोन्ही रुपये पौंडाच्या खुंट्याला बांधलेले होते. रुपयाला दीड शिलिंग, म्हणजेच पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै, हा तो हिशेब.

खुद्द पौंडाचा भाव अमेरिकन डॉलरशी ठरलेला होता : एका पौंडाला ४.०३ डॉलर. युद्धाने इंग्लंड कर्जात बुडाले होते आणि डॉलरची गंगाजळी आटत चालली होती. अखेर १८ सप्टेंबर १९४९ ला इंग्लंडने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. भारतानेही आपला रुपया तेवढाच खाली घेतला. डॉलरला ३ रुपये ३१ पैसे पडत होते, ते ४ रुपये ७६ पैसे झाले. पाकिस्तानने मात्र आपला रुपया जागचा हलवला नाही.

आता हिशेब करा. ४.७६ ला ३.३१ ने भागा. उत्तर येते १.४४ च्या आसपास. म्हणजे पाकिस्तानचे १०० रुपये घ्यायला भारताला १४४ रुपये मोजावे लागणार!

मार कोणाला बसला?

भारताने हा भाव मानला नाही आणि व्यापार अडला. ज्यूटच्या गिरण्या बहुतेक हुगळीच्या काठी, आपल्याकडे; पण कच्च्या ज्यूटचे बहुतेक शेत पूर्व बंगालात, पाकिस्तानात. १०० रुपयांचा माल १४४ ला घ्यायला गिरणीवाले तयार होईनात. डिसेंबरअखेर भारताने पाकिस्तानला जाणारा कोळसा थांबवला. इकडे गिरण्यांना कच्चा माल कमी पडला. साखर, धान्य, सिमेंट सारे ज्या बारदानात भरायचे, त्याच्याच मुळाशी हा घाव होता.

तिकडचा ज्यूट-शेतकरी दुहेरी कात्रीत सापडला. रुपया 'मजबूत' म्हणून त्याला एक पैसाही जादा मिळाला नाही. उलट नेहमीचं गिऱ्हाईक गेलं. मजबूत रुपयाचा लाभ बाहेरून यंत्रे आणि माल आणणाऱ्यांना झाला.

पुढे जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, जगभर ज्यूट आणि कापसाचे भाव चढले आणि पाकिस्तान तरले. फेब्रुवारी १९५१ च्या व्यापार करारात भारताने तो दर मान्य केला. तेव्हा आपले अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. पण युद्धाची तेजी ओसरली, आणि १९५५ मध्ये पाकिस्ताननेही आपला रुपया डॉलरला ४.७६ वर आणला.

याची दुसरी बाजू

मग रुपया खाली गेला की शेतकऱ्याचं भलंच होतं का? तसेही नाही. आजच्या अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. रुपया घसरला की परदेशी माल पाठवणारा खूश होतो आणि परदेशातून कच्चा माल आणणारा शेजारी कपाळाला हात लावतो.

आपल्या कारखान्यात तर हे दोघे शेजारी एकाच घरात राहतात. समजा, एक क्विंटल साखर ४० डॉलरला परदेशी विकली. डॉलर ८० रुपये असेल तर ३,२०० रुपये हाती येतील, ९० असेल तर ३,६००. साखर तीच, ऊस तोच, फरक ४०० रुपयांचा. पण आपण टाकतो ते पोटॅश बाहेरून येते, ट्रॅक्टरच्या डिझेलचे कच्चे तेलही बहुतांशी बाहेरून येते. ते त्याच डॉलरने महागणार. शिवाय निर्यातीला सरकारची परवानगी नसेल, तर वाढीव ४०० रुपये राहतात कागदावर आणि खताचं बिल मात्र येतं घरावर.

ध्यानात ठेवायचे ते एवढेच

रुपया वर गेला म्हणून देशाची मान उंचावली आणि खाली गेला म्हणून नाक कापले गेले, असे समजू नये. दर हलला की एकाच्या खिशातून पैसा निघून दुसऱ्याच्या खिशात जातो. कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या खिशात, हे विचारावे.

वार्षिक सभेत निर्यातीचा विषय निघाला तर साखर किती गेली एवढेच विचारून खाली बसू नका. सौद्याच्या वेळी डॉलरचा भाव काय होता, पैसे हाती पडले तेव्हा काय होता, आणि मधल्या चढउताराची सोय बँकेकडून आधीच करून घेतली होती का, हे तीन प्रश्न विचारा. मालक आपण आहोत. हिशेबही आपल्यालाच समजला पाहिजे.