चिठ्ठीवरचं ‘ओडी’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंबांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ लिहिलंय. याचा अर्थ उजवा डोळा की दिवसातून एकदा?

उत्तर : दोन्ही अर्थ प्रचलित आहेत, म्हणूनच अंदाजाने औषध घालू नका. चष्म्याच्या नंबरात ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. ही लॅटिन लघुरूपं. औषधाच्या ओळीत मात्र ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. आपल्याकडे बरेच डॉक्टर उजव्या, डाव्या डोळ्यासाठी आरई, एलई लिहितात. ते अधिक सुरक्षित. उजव्या, डाव्या आणि दोन्ही कानांसाठी एडी, एएस, एयू वापरतात. घाईच्या अक्षरात ‘ए’ आणि ‘ओ’ सारखेच दिसतात, आणि कानाचे थेंब डोळ्यात गेले तर इजा होऊ शकते. त्यामुळे बाटलीवरचं ‘डोळ्यांसाठी’ की ‘कानांसाठी’ हे दर वेळी वाचाच.

आजच दवाखान्यात फोन करा. कोणत्या डोळ्यात, किती वेळा, किती दिवस, हे विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून ठेवा.