पिष्टापासून होणारीं शर्करावलयें व त्यांचा बागाइतास उपयोग

पेण व रोहे या तालुक्यांत भात हें मुख्य पीक होय. तांदळाच्या वजनाचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पिष्ट असतो. पेज, पोहे व पेणचे प्रसिद्ध पापड यांचा आधार हेंच पिष्ट. फळें टिकविण्याची एक भुकटी पिष्टजन्य पदार्थावरच आधारलेली असल्यामुळें आंबा व केळीच्या बागाइतांनीं त्याची माहिती करून घेणें अवश्य आहे.

प्रथम एक सोपा प्रयोग करावा. भाताची पेज गाळून निवूं द्यावी व तींत टिंक्चर आयोडिनाचे दोन थेंब टाकावे. ती निळी होते. तापविल्यास रंग जातो व निवल्यावर पुन्हा येतो. (ही पेज नंतर फेकून द्यावी.) पिष्ट म्हणजे द्राक्षशर्करेच्या कणांची लांब साखळी. तिचा कांहीं भाग मळसूत्राप्रमाणें वळतो व त्याच्या पोकळींत आयोडिन शिरतें. उष्णतेनें तें सुटतें.

कांहीं सूक्ष्म जंतूंचें एन्झाइम ही साखळी तोडून तुकड्यांचीं टोकें एकमेकांस जोडतें. त्यामुळें सहा, सात अगर आठ कणांचीं वलयें बनतात. त्यांस सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. १८९१ सालीं फ्रान्समध्यें व्हिलिए यांस एक हजार ग्रॅम पिष्टापासून सुमारें तीन ग्रॅमच असे स्फटिक मिळाले. वलयाची बाहेरील बाजू पाण्याशीं जमवून घेते. आंतील पोकळी मात्र तेल, सुगंध व कांहीं वायु यांस आश्रय देते. हा आश्रय पाहुण्यासारखा असतो. पाहुणा कायमचा बांधला जात नाहीं.

हीं वलयें परस्परांस जुळवितांही येतात. २०१० सालीं अमेरिकेंत स्टॉडर्ट यांच्या मंडळीनें आठ कणांचीं वलयें पोटॅशियमच्या साहाय्यानें रचून मधाच्या पोळ्याप्रमाणें सच्छिद्र स्फटिक तयार केले.

आतां भुकटीकडे वळूं. पिकतांना फळांतून एथिलीन वायु निघतो व तोच फळास पिकवितो. सहा कणांच्या वलयांत मिथिलसायक्लोप्रोपीन नांवाचा वायु कोंडून ही भुकटी करतात. पाणी लागतांच तो सुटतो व फळांतील ज्या जागीं एथिलीन कार्य करितें, त्या जागा अडवितो. यामुळें पिकणें लांबतें.

यावरून पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. भुकटी कोरडी ठेवावी. दमट हवेंत उघडी राहिल्यास वायु आधींच निघून जातो. खोली हवाबंद असावी. उघड्या पडवींत पैसा फुकट जाईल. फळ तयार, परंतु न पिकलेलें असावें; पिकलेल्या फळास उपयोग होत नाहीं. कोवळें फळ याने गोड होत नाहीं व कुजणेंही हमखास थांबत नाहीं. म्हणून वेष्टनावरील सूचना वाचून प्रथम एकाच पेटीवर अनुभव घ्यावा व मगच सर्व माल घालावा.