आधी वजनकाटा, मग स्प्रिंग

रत्नागिरी

चि. बाळूस,


थारला कॉइलओव्हर बसवायचं म्हणतोस आणि स्प्रिंग कोणती घेऊ, असं विचारतोस. आधी मला सांग, तुझी गाडी भरते किती? कंपनीच्या कागदावरचा आकडा नको. लोखंडी बंपर, विंच, वरचं कॅरिअर, भरलेली टाकी, तू आणि शेजारी बसणारा, सगळं धरून. इथे आलास की मिरजोळ्याच्या एमआयडीसीकडे काट्यावर जाऊ. एकदा अख्खी गाडी चढवायची, एकदा फक्त पुढची चाकं.

मी हे केलं नव्हतं. माझ्या गाडीला एका दुकानदाराच्या शब्दावर कडक स्प्रिंगा घातल्या. श्रावणात आंबा घाट उतरताना ओल्या वळणावर पुढची चाकं रस्ता धरेचनात, नुसती थडथड उडत होती. शेजारी तुझी आई बसली होती. ते वळण मी अजून विसरलेलो नाही.

आता त्या वजनावरून स्प्रिंगचा हिशेब. 2010 च्या थारला पुढे टॉर्शन बार आणि मागे पाटे होते. 2020 च्या तुझ्या थारला चारही चाकांना कॉइल स्प्रिंग आहे. म्हणून जुन्या जीपवाल्यांचे आकडे तुला चालणार नाहीत. पुढचा शॉक खालच्या आर्मवर मध्येच कुठेतरी बसतो, चाकापाशी नाही. समज, चाक 10 मिमी उचललं तर शॉक 6 मिमी दबतो. गुणोत्तर 0.6 झालं. पण स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी त्याच्या वर्गाने उतरतो, म्हणजे 0.36 ने. 1 मिमी दबायला 10 किलो मागणारी स्प्रिंग चाकापाशी 3.6 किलोचीच होते. तुझ्या गाडीचं गुणोत्तर टेप लावून स्वतः मोज. जॅकवर चाक थोडं थोडं उचल आणि दोन्ही मापं वहीत लिही.

वरचा नट आवळला की स्प्रिंग कडक होते, असं पुष्कळ जण समजतात. तसं होत नाही. गाडी उंच होते आणि तेवढीच चाकाची खाली लोंबायची जागा जाते. आपल्या सड्यावर हीच जागा कामाला येते. कातळाच्या पायरीवरून एक चाक खाली उतरलं आणि ते टेकलंच नाही, तर तिथला जोर फुकट जातो. गाडी उभी असताना शॉकच्या एकूण हालचालीतला निदान तिसरा हिस्सा खाली जायला शिल्लक राहू दे. तेवढ्यात हवी ती उंची मिळत नसेल तर स्प्रिंग बदल, नट आवळत बसू नकोस.

शॉकच्या रॉडवर रबरी रिंग सरकवून ठेव. फेरी मारून आलास की रिंग कुठवर गेली ते दिसेल. प्रत्येक वेळी टोकाला जात असेल तर गाडी आपटते आहे. शॉकचं परतीचं डॅम्पिंग आधी लाव. खड्ड्यानंतर गाडी मिरकरवाड्यातल्या होडीसारखी डुलत राहिली तर एक-दोन क्लिक वाढव. लागोपाठच्या खाचांवर खाली खाली बसत गेली तर कमी कर. एका वेळी एकच बदल, वाट तीच, वेग तोच, टायरची हवा तीच.

सड्यावर मळलेली वाट मात्र सोडू नकोस. उक्षी, जांभरूण, बारसूची कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि अजून न सापडलेलं एखादं चित्र तुझ्याच चाकाखाली असू शकतं.

जांभ्याची लाल माती रॉडवर सुकली की सील खाते, खाऱ्या हवेत नटाचे आटे धरतात. घरी आलास की गोड्या पाण्याने धू आणि महिन्यातून एकदा नट सैल करून पुन्हा बसव. आणि काही विकत घेण्याआधी आरटीओत आणि विमावाल्याकडे विचार. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली गाडीतले बदल येतात.

दिवाळीला येशील तेव्हा पुण्याहून आंबा घाटानेच ये. आत्ताच्या स्प्रिंगांवर गाडी प्रत्येक वळणाला कशी वागते ते शेजारच्याला लिहून घ्यायला सांग. ती वही आणि टेप घेऊन ये, काट्यावर सकाळी लवकर जाऊ, नंतर ट्रकांची रांग लागते.

तुझा,
मामा