वही एकाची, हिशेब दोघांचा

शिरूरला जुनी माणसे अजून घोडनदीच म्हणतात. आणि त्या घोडनदीच्या पेठेत पाइप, पंप व विजेच्या मोटारींचे जे दुकान माझ्या वडिलांनी थाटले व पुढे मी चौतीस वर्षे चालविले, त्याच्या गल्ल्यामागच्या फळीवर तांबड्या खारव्यात बांधलेल्या वह्यांची उतरंड मी अगदी लहानपणापासून पाहत आलो. वडील दुकान वाढविण्यापूर्वी रोज रात्री रोजमेळ घालीत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, तळाशी श्रीशिल्लक, आणि ती शिल्लक व गल्ल्यातील रोकड यांत चार आण्यांचा जरी फरक निघाला तरी घरी ताट थंड होई, पण वही मिटत नसे. मला हा सारा खटाटोप कारकुनी वाटे. मला गिऱ्हाइकी वाढवायची होती, नवा माल आणायचा होता. शिवाय माझी स्मरणशक्ती उत्तम होती, आणि पुढे जे घडले ते पाहता तेच माझे दुर्दैव ठरले.

आमच्या धंद्याची रीत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, या भागात रोखीचे गिऱ्हाईक हा अपवाद आणि उधारी हा नियम. कांद्याची पट्टी आली, उसाचे बिल जमा झाले किंवा गुळाच्या ढेपा विकल्या गेल्या की मगच आमचे पैसे येणार. ऐन वैशाखात रात्री मोटार जळते, पहाटे पाचला माणूस दाराशी उभा राहतो, त्याचे उभे पीक डोळ्यांदेखत माना टाकीत असते. अशा वेळी त्याच्याकडे पैशांची गोष्ट काढणे हे व्यापारातच काय, माणुसकीतही बसत नाही. मोटार, स्टार्टर, केबल, फूटव्हॉल्व, सारे टेम्पोत चढवायचे आणि "बघू मागनं" म्हणायचे. हे मी मनापासून केले व त्याचा मला पश्चात्ताप नाही. पश्चात्ताप आहे तो यापुढच्या गोष्टीचा. ती नोंद मी कधी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला केली, कधी पंपाच्या खोक्याच्या फाडलेल्या पुठ्ठ्यावर, कधी खिशातल्या चिठोऱ्यावर, पुढे मोबाइल आल्यावर स्वतःलाच धाडलेल्या निरोपात, आणि पुष्कळदा कोठेच नाही.

त्यात दौंडला दुसरे दुकान काढले. राहू, पारगाव, केडगाव या बाजूला गुऱ्हाळे पुष्कळ, तेथे उसाच्या पाण्यासाठी नदीवरच्या मोटारी अखंड चालणार, तेव्हा तेथे आपले ठाणे हवे हा विचार काही चुकीचा नव्हता. धाकटा बंधू तेथे बसू लागला. न्हावरे-चौफुला रस्त्याने आमचा टेम्पो आठवड्यातून दोनदा जाई, पण त्यात काय भरले याचा एक कागद कधी झाला नाही. घरचाच माल घरच्याच दुकानात जाणार, त्याला चलन कसले, अशी आम्हां दोघांचीही समजूत होती. घरखर्चही दोन्ही गल्ल्यांतूनच चाले. मुलीच्या शाळेची फी गेली काय आणि केबलचे बंडल आले काय, पैसा एकाच पेटीतून जाई आणि वर्षअखेरीस नफा झाला की तोटा हे मी अंदाजाने सांगे. आमच्या सीएंना ते जे कागद मागत ते मी देत असे. जे मागत नसत त्यांची आठवण करून देण्याचा उत्साह मला नव्हता.

भीमेकाठी एक बागायतदार होते. गुऱ्हाळ होते, वीस वर्षांचा घरोबा होता. ते गेले. चौदावे उरकून महिना लोटल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. पण त्याआधी, आणि हे लिहिताना आजही मान खाली जाते, देवळाच्या पारावर गावातल्या दोन प्रतिष्ठित गृहस्थांपाशी मी सहज बोलून गेलो होतो की, आबांकडे माझे 86,400 रुपये येणे आहे. मुलाने मला ओसरीवर बसविले, आत गेला, आणि आबांची एक लहानशी, कोपरे दुमडलेली, पेन्सिलीने लिहिलेली डायरी घेऊन आला. आबा तीन इयत्ता शिकलेले. माझे नाव त्यांनी कोठेही लिहिले नव्हते. प्रत्येक ठिकाणी "घोडनदी मोटारवाले" एवढाच उल्लेख. त्यात एक ओळ अशी होती: दौंडात धाकट्यापाशी पंचवीस हजार दिले, पंपाचे. तारीख होती, वारही होता.

मी तेथूनच बंधूंना फोन लावला. पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. मग ते म्हणाले, "हो दादा, आले होते. त्याच दिवशी ट्रान्सपोर्टवाला बसला होता, त्याला ते देऊन टाकले. तुला सांगायचे राहून गेले."

आता माझी पाळी आली. पाइपांचे 18,750 रुपयांचे बिल मी पिशवीतून काढले, मोठ्या आत्मविश्वासाने काढले, आणि पाहतो तर कागद कोरा. दुकानातल्या लहान यंत्रावर छापलेला तो गुळगुळीत थर्मल कागद दोन उन्हाळ्यांत पांढराफटक पडला होता. उजेडाकडे तिरपा धरला तर माथ्यावरची दुकानाच्या नावाची पुसट सावली तेवढी दिसे. मुलगा हसला नाही. हसला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "काका, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण आबांनी हे लिहिलेलं नाही, आणि जे त्यांनी लिहिलंय ते तुमच्याकडं नाही." त्याने 42,650 रुपये मोजून पुढे ठेवले व पोच मागितली. पावतीपुस्तक मी नेलेच नव्हते. शेवटी त्याच्या मुलीच्या चौकटीच्या वहीतले एक पान फाडून त्यावर मी पोच लिहून दिली, आणि परतताना पारावर थांबून त्या दोन गृहस्थांना खरा आकडा सांगितला. ते पंचवीस हजार माझ्या घरात आधीच आलेले होते. अठरा हजार गेले, त्याचे दुःख फार टिकले नाही. ज्या स्मरणशक्तीवर मी इतकी वर्षे विसंबलो, ती अत्यंत प्रामाणिकपणे माझ्याच बाजूने चुकली होती, ही गोष्ट मात्र मनातून जात नाही.

ज्या मुलखात मी हे दुकान चालवितो, तो वह्यांच्या बाबतीत साधासुधा मुलूख नव्हे. शिरूर तालुक्यातल्या करड्यात 1874 च्या अखेरीस रयतेने सावकारांवर बहिष्कार घातला, आणि पुढच्या साली, 12 मे 1875 रोजी, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी उठाव होऊन तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात जे नमूद आहे ते हेच. लोकांचा रोख होता कागदांवर; खते, रोखे, हुकूमनामे हस्तगत करून जाळावयाचे, आणि ते मुकाट्याने हवाली केले तर बहुधा माणसाच्या अंगाला हात लागत नसे. व्याज जबर होते, सारा जड होता, अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता, ही कारणे शाळेत आपण सर्वांनीच वाचली. परंतु त्या व्याजाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती व ती मला या प्रसंगानंतर उमगली: वही एकाच्याच हाती होती. कुणबी धान्य घालून जाई, त्याची पावती मिळत नसे. जमा धरली की नाही हे धरणाऱ्यालाच ठाऊक. 1859 च्या कायद्याने दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली ती ऋणकोच्या रक्षणासाठी, पण दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेण्याची वहिवाट तिच्यातूनच वाढली. म्हणून सरकारने 1879 साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी जो कायदा केला, त्यात न्यायालयाने रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा हे तर होतेच, पण धनकोने पावती द्यावी, वर्षाचा हिशेब उतरून द्यावा, कुळाने मागितल्यास खातेपुस्तिका भरून द्यावी अशीही कलमे घातलेली होती.

मी सावकार नव्हतो आणि व्याजाचा एक पैसा मी कधी घेतला नाही. तरीही आबांच्या ओसरीवर मी नेमका त्या जुन्या सावकाराच्याच जागी बसलो होतो. फरक इतकाच की, त्याची वही रयतेला निदान जाळता तरी आली, माझ्या डोक्यातली वही कोणाला जाळताही आली नसती.

याच सुमारास दुसरे एक जुने येणे बुडण्याच्या बेतात आले. एका ठेकेदाराला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील कामासाठी माल दिला होता. मी वकिलांकडे गेलो व माझी कॅलेंडरे, चिठोऱ्या, सारे त्यांच्यापुढे पसरले. त्यांनी जे सांगितले ते प्रत्येक दुकानदाराने ऐकून ठेवावे असे आहे. धंद्याच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या वहीतील नोंद पुराव्यात घेता येते. पण केवळ त्या नोंदीवरून समोरच्यावर देण्याची जबाबदारी लादता येत नाही, हे 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात होते आणि त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या अधिनियमातही कायम आहे. आणि वही म्हणजे शिवलेली, बांधलेली वही. सुट्या कागदांना हिशेबाची वही म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 साली जैन हवाला प्रकरणात म्हटलेले आहे. माझ्यापाशी तर सुटे कागदच होते. राहिली मुदत, 1963 च्या कायद्याप्रमाणे ती माल दिल्यापासून तीन वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी बाकी कबूल केली तर त्या तारखेपासून नव्याने मोजावयाची. मी हे ऐकले तेव्हा मुदत उलटून चार महिने झाले होते. फिर्याद झाली नाही.

तेव्हापासून आम्ही जे करतो ते सांगतो. प्रत्येक उधारीच्या गिऱ्हाइकाला एक लहान जाड पुठ्ठ्याची पुस्तिका देतो, तिची जोड आमच्याकडे. माल गाडीत चढण्यापूर्वी दोन्हींत तारीख, नग, दर व रक्कम चढते. पैसे आले की कोठे, कोणापाशी व कशापोटी आले हे दोन्हींत पडते. प्रारंभी लोकांना राग आला. "एवढ्या वर्षांचा भरवसा आज उडाला का?" असे एका वडीलधाऱ्यांनी तोंडावर विचारले. मी त्यांच्या पुस्तिकेवर आधी स्वतः सही केली व म्हटले, "ही माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. उद्या मी नसलो तर माझ्या पोराने तुमच्याकडे जास्त मागू नये." ते थोडा वेळ थांबले, मग चष्मा काढून त्यांनीही सही केली. सही मागताना आपली सही आधी पुढे करावी. माझ्या अनुभवात एकाही माणसाने त्यानंतर नकार दिलेला नाही. वर्षातून दोनदा, पाडव्याला व दिवाळीला, खात्याची रुजवात घालतो आणि तळाशी "आजअखेर बाकी मान्य" असे लिहून उभयतांच्या सह्या होतात. मुदत त्यात आपोआप सांभाळली जाते, हा फायदा वेगळा.

दौंडच्या दुकानाचा रोजमेळ दौंडलाच होतो. एकाच नोंदणीखाली माल इकडून तिकडे गेला तर त्यावर कर लागत नाही, पण चलन लागतेच. आणि जीएसटी कायद्याच्या कलम 35 अन्वये ज्या जागी धंदा त्या जागेचे दप्तर तेथेच हवे, हे मला इतक्या उशिरा कळावे याचे आमच्या सीएंनाही आश्चर्य वाटले. ते कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या अखेरच्या तारखेपासून 72 महिने जपावयाचे. घरात जे लागते ते घरखाती नावे टाकून उचलतो. थर्मल कागदावरचे बिल आले की त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढून मूळ कागदाला जोडतो. संगणकही ठेवला आहे, मुलगा तो चांगला चालवितो. पण त्यातली बाकी छापून गिऱ्हाइकाच्या हाती पडत नाही तोवर ती माझी एकट्याचीच वही आहे, असे मी धरतो.

एक गोष्ट वडिलांची आठवते. आकडा चुकला तर ते खोडरबर लावू देत नसत, गिरवूही देत नसत. आडवी रेघ ओढून, खालचा आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी खरा लिहून सही. तो त्यांचा हेकटपणा आहे असे मला वाटे. 2017 च्या जीएसटी नियमावलीतल्या 56 व्या नियमात खोडू नये, गिरवू नये, चुकीची नोंद छेदून साक्षांकित करावी व मग खरी लिहावी, असे शब्द जेव्हा मुलाने मला वाचून दाखविले, तेव्हा मी फळीवरची एक जुनी वही सोडून बसलो. बोरूने ओढलेली ती रेघ पानापानावर होती.

आबांचा मुलगा अजून दौंडच्या दुकानातूनच माल नेतो. पुस्तिका आमची आणतो, पण आबांची पेन्सिलीची डायरीही त्याने चालू ठेवली आहे व तिच्यात आम्ही अजून "घोडनदी मोटारवाले"च आहोत. गेल्या पंधरवड्यात मी दौंडला होतो. तीन इंची पाइपाचे दहा नग मी लिहिले, त्याने दोन्ही वह्या शेजारी ठेवून बेरीज पुन्हा केली आणि बोट ठेवले. सातशे रुपये मी जास्त लावले होते. मी आडवी रेघ ओढली, बाजूला खरी रक्कम लिहिली, सही केली. मग त्याने पेन घेतले.