कुणीतरी थांबवायला हवं

मी पिंपरी-चिंचवडमधल्या रावेतला राहतो आणि चाकणच्या एका कारखान्यात, पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस शॉपमध्ये काम करतो. आमच्या भागातल्या बहुतेक इमारती माझ्या मुलीपेक्षा वयाने लहान आहेत. कामानिमित्त इटलीत तुरीनला जाणं झालं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी फ्लॉरेन्सला गेलो आणि तिथल्या जुन्या भागात मार्गदर्शकाबरोबर पायी फिरलो. तेव्हापासून मनात होतं की पुण्याच्या पेठाही अशाच पाहाव्यात. लग्नाच्या खरेदीला आणि गणपतीला जाऊन पेठा ओळखीच्या झाल्या होत्या, पण ओळख तेवढीच. मग एका रविवारी आकुर्डीहून लोकल धरली, शिवाजीनगरला उतरलो आणि कसब्यातल्या एका फेरीत सामील झालो. त्या आणि त्यानंतरच्या फेऱ्यांमधून मनात जे साठलं, ते इथे लिहितो आहे.

१. चांगला मार्गदर्शक मोठ्या दरवाजापासून सुरुवात करत नाही. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हाकेच्या अंतरावर होता, सगळ्यांचे मोबाइल तिकडेच वळले होते. आमच्या मार्गदर्शक ताई मात्र आम्हाला घेऊन कसबा गणपतीकडे निघाल्या. "वाडा कुठे जात नाही काका, आधी गाव बघू," म्हणाल्या. आधी गाव, हे मला पटायला थोडा वेळ लागला. या परिसराचा उल्लेख राष्ट्रकूटांच्या ७५८ आणि ७६८ सालच्या ताम्रपटांत आहे. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळलं आणि त्यावर गाढवाचा नांगर फिरवला. त्या उजाड जागेवर जिजाऊंनी पुन्हा वस्ती उभी केली आणि गणपतीचं देऊळ बांधलं. हे सगळं गाभाऱ्यासमोर उभं राहून ऐकलं आणि मग शनिवारवाड्याकडे गेलो, तेव्हा वाडा चक्क नवा वाटला. पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली, १७ नोव्हेंबर १८१७ ला त्यावर इंग्रजांचं निशाण चढलं आणि फेब्रुवारी १८२८ च्या आगीत आतलं सारं गेलं. म्हणजे शंभर वर्षंसुद्धा धड नाहीत. कसबा त्याच्या कितीतरी आधी होता आणि नंतरही राहिला. क्रम बदलला तर मोठेपणाची मापं बदलतात, हे मला त्या सकाळी उमगलं.

२. काही गल्ल्या डोळ्यांआधी कानांना सापडतात. तांबट आळी वळणापलीकडे होती तेव्हाच ठोके ऐकू यायला लागले. कोकणातून आलेल्या तांबटांना पेशवाईत इथे आश्रय मिळाला. त्यांचे वंशज आजही हंडे, घागरी, बंब घडवतात, आणि आता शहरी घरांसाठी पाण्याचे जग आणि दिवेसुद्धा. एक काका खाली बसून तांब्याच्या घंगाळाला मठार देत होते. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून, ओळ मोडायची नाही. बाकीचे लोक त्या चमकत्या ठिपक्यांच्या नक्षीचे फोटो काढत होते, मी मात्र दुसऱ्याच गोष्टीने थक्क झालो होतो. मठार नुसती नक्षी नाही. ठोक्याने तांबं घट्ट होतं, पातळ पत्र्याला ताठपणा येतो, भांडं सहजी चेपत नाही. फार कडक झालं तर तडकतं, म्हणून मधेमधे भट्टीत तापवून मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायचं. आमच्याकडे हे शिकायला डिप्लोमा लागतो, त्याला ॲनीलिंग आणि वर्क हार्डनिंग अशी नावं आहेत, आणि शेकडो टनांची प्रेस असते. काकांकडे हातोडी होती, भांडं टेकवून ठोकायची खरवई होती आणि कान होता. ठोक्याचा आवाज बदलला की पत्रा किती कडक झाला ते त्यांना कळतं. मी विचारलं, "किती ठोके द्यायचे हे कसं ठरवता?" ते म्हणाले, "भांडंच सांगतं." पंचवीस वर्षं पत्र्याच्या कामात असलेल्या माणसाला यावर पुढे काही विचारता आलं नाही. आजही पेठांचं नाव निघालं की मला वाड्यांआधी ही आळी आठवते. पिंपरी-चिंचवडला आपण औद्योगिक नगरी म्हणतो. तांबट, कुंभारवाडा, बुरूड आळी, कागदीपुरा मिळून कसबा काही शतकं आधी तेच होता.

३. दगड वाचून दाखवावा लागतो. नागझरी नाल्यापलीकडे सोमवार पेठेत त्रिशुंड गणपतीचं देऊळ आहे. बाहेरून रस्त्याने जाताना कळणारही नाही असं. १७५४ मध्ये काम सुरू झालं, १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन मोर. आत शिलालेख संस्कृत आहेत आणि एक फारसीही आहे, गणपतीच्या देवळात, आणि त्याचं त्या काळी कुणाला काही वाटलं नसावं. पण ताईंनी थांबवलं ते दर्शनी भिंतीशी. तिथे साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याला आवळणारे गोरे शिपाई कोरलेले आहेत. बंगाल-आसामचा तो गेंडा, प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती गेलेला, असा अर्थ लावतात. म्हणजे दूर पूर्वेला काय चाललंय याची खबर पुण्यातल्या पाथरवटाला होती आणि त्याने ती देवळाच्या भिंतीवर घातली. शनिवारवाड्यावर निशाण बदलायला तेव्हा जवळपास अर्धं शतक बाकी होतं. मी त्या भिंतीपुढून हलायला तयार नव्हतो. ताईंनी दोनदा हाक मारली.

४. मूळ वास्तू नसली तरी जागा खरी असते. आजचा लाल महाल १९८८ मध्ये महापालिकेने बांधून पूर्ण केलेला आहे, हे ताईंनी दारातच सांगितलं. काहींचे चेहरे उतरले. मला फ्लॉरेन्स आठवलं. तिथे मोठ्या चौकातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड ही प्रतिकृती आहे, मूळ पुतळा १८७३ मध्येच संग्रहालयात हलवला. तिथल्या मार्गदर्शकानेही ते आधीच सांगून टाकलं होतं. खरं आधी सांगितलं की पुढची गोष्ट जास्त विश्वासाने ऐकता येते. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाहिस्तेखानावर छापा पडला तो याच परिसरात, आणि त्याला भिंती कितीही नव्या असल्या तरी बाध येत नाही.

५. वाड्यात माणसं राहतात. दोरीवर कपडे असतात, कुणाचा तरी कुकर लागलेला असतो. दारातून आत डोकावण्याआधी "आत येऊ का?" असं विचारलं तर बहुतेक वेळा "या की" येतं.

६. जिथे पाहायला काही उरलेलं नाही तिथेही थांबावं. दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता. १ जानेवारी १८४८ ला जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा तिथे सुरू केली. वर्षानुवर्षं कोर्टात वाद चालला, वाडा खचत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो पाडला गेला. आमच्या गटात मुलींची संख्या मुलांपेक्षा जास्त होती. त्यातली एक हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, एक वास्तुरचनेची विद्यार्थिनी. सांगणाऱ्या ताईही इतिहासात एम. ए. झालेल्या. त्या रस्त्यावर, रिक्षांच्या हॉर्नमध्ये, त्या जागेचं महत्त्व मला पुस्तकापेक्षा जास्त समजलं, कारण त्या शाळेचं फळ माझ्या आजूबाजूला उभं होतं.

तिथून मंडई पाच मिनिटांवर. १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ती उघडली. अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती आठ बाजूंना पसरलेल्या पाख्या. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर लावा असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला जोतीरावांचं नाव दिलं गेलं. भाजी घेणाऱ्यांच्या गर्दीत हे ऐकताना वाटलं, शहराने उशिरा का होईना त्यांचं ऋण मान्य केलं. पण शाळेच्या जागेचं स्मारक व्हायला अजून किती वेळ लागावा, ही टोचणी राहतेच.

७. पुराची रेघ कुठल्याही पुतळ्याइतकी बोलते. फ्लॉरेन्समध्ये सान रेमिजिओ गल्लीच्या कोपऱ्यावर दोन खुणा आहेत. एक ४ नोव्हेंबर १३३३ च्या पुराची, दुसरी ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुराची. तारीख तीच, मध्ये सहाशे तेहतीस वर्षं. मार्गदर्शकाने आम्हाला मान वर करून ती रेघ पाहायला लावली होती. पुण्यात १९६६ च्या त्या पुराच्या पाच वर्षं आधी, १२ जुलै १९६१ ला, पानशेतचं धरण फुटलं, खडकवासला फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आमच्या गटात एक वयस्कर काका होते. त्यांनी हात वर करून भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं, आणि मग कुठल्या नातेवाइकांना गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जावं लागलं ते सांगितलं. ताईंनी आपलं बोलणं थांबवून त्यांना बोलू दिलं. तो दहा मिनिटांचा भाग त्या फेरीतला सर्वांत मोलाचा होता, आणि तो कुठल्याही माहितीपत्रकात नव्हता.

८. शहर समजून घ्यायचं तर पाणी कुठून येतं ते विचारावं. अठराव्या शतकाच्या मध्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ आणला. काही ठिकाणी आतून माणूस चालत जाईल एवढा. पंप नाही, इंजिन नाही, फक्त उतार. मधे गाळ बसायला जागा, हवा खेळायला वर काढलेले उसासे, आणि पेठांमध्ये लोकांसाठी हौद. काळा हौद, फडके हौद ही नावं बसच्या थांब्यांवर आपण वाचत आलो, पण त्यांच्यामागे अख्खी पाणीपुरवठा योजना उभी आहे. रोममध्ये ख्रिस्तपूर्व १९ मध्ये अग्रिप्पाने आणलेल्या पाटाचं पाणी आजही त्रेवीच्या कारंज्यात पडतं आणि जगभरचे लोक त्यात नाणी टाकतात. कात्रजचा नळ त्याच जातीचं काम आहे. अभियंता म्हणून सांगतो, इतक्या अंतरावर इतका बारीक उतार राखणं आजच्या यंत्रांनीही सोपं नाही.

हे ऐकत असताना माझ्या डोळ्यांपुढे रावेतचा बंधारा आला. पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी आमच्या इथे उचललं जातं, निगडीत सेक्टर २३ च्या केंद्रात शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत जातं. लाखो लोक ज्या पाण्यावर जगतात, ते उचलण्याची जागा आमच्या सोसायटीपासून फिरायला जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे फलक लावावा असं कुणाला सुचलेलं नाही. आणि त्या पाण्याची एक वेदनाही आहे. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकण्याला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. उद्या कुणी रावेत दाखवायला निघालं तर बंधाऱ्यावर उभं राहून हेही सांगावं लागेल. हौदांची गोष्ट कौतुकाने सांगायची आणि ही गाळायची, असं चालणार नाही.

९. नव्या वस्तीलाही फेरी हवी. आमच्याकडे पुण्याइतकं जुनं नाही हे खरं, पण चिंचवडगावात पवनेकाठी मोरया गोसावींचं समाधिमंदिर आहे, धरणाचा विसर्ग वाढला की ज्याच्या पायऱ्यांवरून पाणी आत शिरतं. जवळच चापेकरांचा वाडा आहे. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, ती झाडणाऱ्या चापेकर बंधूंचं हे गाव. ती बातमी इंग्लंडपर्यंत हादरवून गेली, आणि आम्ही चापेकर चौकात सिग्नल सुटायची वाट बघत उभे असतो.

सोसायटीतल्या काही जणांना घेऊन या दिवाळीनंतर निघायचं ठरवलं आहे. पहिला थांबा बंधारा, शेवटचा चापेकर वाडा, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मधल्या थांब्यांवर चर्चा चालू आहे. रावेत गावठाणातल्या एका आजोबांनी यायला होकार दिला आहे. आमचे टॉवर ज्या शेतांवर उभे राहिले, तिथे कुठे ऊस होता, कुठे विहीर होती आणि नदीला उतार कुठून होता, हे ते जागेवर दाखवणार आहेत. त्यांच्या गुडघ्यांना मानवेल असा वेग आणि बसायला सावली, एवढं आधी बघून यायचं काम माझ्याकडे आलं आहे.