इंज्युरी टाइम कुठे चार मिनिटे, कुठे दहा, असे का?

प्रश्न : प्रीमियर लीगमध्ये नव्वद मिनिटांनंतर आठ-दहा मिनिटे सहज मिळतात. चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र खेळ तितकाच थांबलेला असूनही फलकावर चारचा आकडा दिसतो. प्रत्येक लीगचा नियम वेगळा असतो का?
– एक वाचक, गारखेडा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नियम जगभर एकच आहे, वेगळा आहे तो मोजण्याचा काटेकोरपणा. नियमावलीतला सातवा नियम सांगतो की बदली खेळाडू, दुखापत, कार्डे, वेळकाढूपणा, व्हीएआरची (व्हिडिओ पंचांची) तपासणी, गोलनंतरचा जल्लोष यांत गेलेला वेळ रेफ्रीने भरून द्यावा. पण एका बदलीला इतके सेकंद, असा दर त्यात कुठेच नाही. अंदाज रेफ्रीचा आणि त्याला सूचना स्पर्धेच्या संयोजकांची. चौथा पंच दाखवतो तो आकडा किमान असतो. रेफ्री तो वाढवू शकतो, घटवू शकत नाही.

२०२२ च्या कतार विश्वचषकात फिफाच्या पंच समितीचे प्रमुख पिएरलुइजी कोलिना यांनी सेकंद न् सेकंद मोजायला लावला. इंग्लंड-इराण सामन्यात इराणच्या गोलरक्षकाच्या डोक्याला मार लागला आणि दोन्ही अर्धांत मिळून सुमारे २७ मिनिटे जादा खेळ झाला. प्रीमियर लीगने २०२३-२४ मध्ये तोच कित्ता गिरवला. पुढच्याच हंगामात थोडी माघार घेतली : गोलनंतरचे पहिले ३० सेकंद हिशेबात धरायचे नाहीत. चॅम्पियन्स लीग भरवणाऱ्या युएफाने तर आधीच नकार दिला होता. खेळाडू आधीच दमलेले असतात, मागून वेळ देण्यापेक्षा खेळ चटकन सुरू करा, ही त्यांची भूमिका. तुम्हाला दिसणारे ‘चार’ त्यातून आले आहे.

अमेरिकेच्या एमएलएसने १९९६ ते १९९९ वेगळाच प्रयोग केला. घड्याळ उलटे चालायचे, खेळ थांबला की तेही थांबायचे आणि शून्य झाले की सामना संपायचा. २००० पासून लीगने तो सोडला. फुटसालमध्ये मात्र आजही चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबते.

भारताच्या आयएसएलमध्ये २०२३-२४ च्या हंगामात व्हीएआर नव्हते, म्हणजे वेळ खाणारी एक मोठी बाब तिथे कमीच. तरी २४ एप्रिल २०२४ ची गोव्यातल्या फातोर्ड्याची उपांत्य लढत आठवा. एफसी गोवा ८९ मिनिटे संपेपर्यंत २-० ने पुढे. मग मुंबई सिटीच्या छांगतेने ९० व्या मिनिटाला एक गोल केला, विक्रम प्रतापने ९०+१ ला दुसरा, आणि ९०+६ ला पुन्हा छांगते! मुंबईने सामना ३-२ असा जिंकला. फलकावर दोन-तीन मिनिटेच आली असती, तर तो तिसरा गोल झालाच नसता. म्हणून माझे मत काटेकोर मोजणीच्या बाजूने आहे. वेळ काढणारा संघ बहुतेक वेळा पुढे असलेलाच असतो आणि ढोबळ अंदाजाचा फायदाही त्यालाच होतो.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याला आणखी एक बाजू आहे. नियमावली उकाड्यासाठी ९० सेकंद ते ३ मिनिटांचा कूलिंग ब्रेक देते आणि तो वेळही भरून द्यायचा असतो. तुमच्या शहरातल्या आमखास मैदानावर एप्रिलच्या दुपारी खेळायचे असेल, तर ब्रेक होणार का आणि तो मोजणार कोण, हे नाणेफेकीच्या वेळीच कर्णधारांनी रेफ्रीला विचारून घ्यावे.